फ्लशची टाकी गळतेय, रबर बदलूनही थांबेना – मदत हवी आहे

रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी तो 40 लिटरने पुढे! टाकीत खाण्याचा रंग टाकला तर अर्ध्या तासात कमोडमध्ये उतरला, म्हणजे चोर सापडला. पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हखालची रबरी रिंग नवी बसवली, ती जिथे टेकते तिथला क्षारांचा थर व्हिनेगरने काढला. पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली दोन बोटं आहे, तिथून जात नाही. तरी रंग उतरतोच, फक्त आता दीड तास लागतो.

टाकी भिंतीबाहेरची, दोन बटणांची, पाणी जड. रात्री अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करतो, पण रोज कोण लक्षात ठेवणार? अख्खी टाकी बदलायची नाहीये. आतला व्हॉल्व्ह बदलून भागेल, की रिंग टेकते ती कडाच झिजली असेल? हे खोलण्याआधी कसं ओळखायचं?