पीसीवरची सेव्ह फ्लॅश कार्ट्रिजवर टाकली, तरी जुनीच उघडते

हिरवा_पन्ना:
गेम बॉय ॲडव्हान्स एसपी, बॅटरीवालं फ्लॅश कार्ट्रिज (एसडी कार्डावरचे गेम चालवणारं), गेम पोकेमॉन एमराल्ड. पीसीवर एमजीबीएमध्ये (कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर) पुढे नेलेली सेव्ह एसडी कार्डावरच्या जुन्या सेव्हच्या जागी कॉपी केली. नाव अक्षरन् अक्षर तेच. कन्सोल चालू केला तर जुनीच सेव्ह येते, आणि कार्ड परत पीसीला लावलं तर फाइलसुद्धा जुनीच! एमजीबीएची फाइल १,३१,०८८ बाइटची होती, कार्डावरची १,३१,०७२ ची. या १६ बाइटांमुळे होतंय का?

एसरॅम_३२:
१६ बाइटांचा यात काही दोष नाही. तुमची नवी फाइल कार्ट्रिजनेच पुसली.

बॅटरीवाल्या बहुतेक कार्ट्रिजमध्ये खेळताना केलेली सेव्ह थेट एसडी कार्डावर जात नाही. ती आधी कार्ट्रिजमधल्या एसरॅममध्ये (वीज असेपर्यंतच टिकणारी मेमरी) बसते आणि कन्सोल बंद असताना बॅटरीवर तग धरते. पुढच्या वेळी कन्सोल चालू केला की मेनू येण्याआधी ती एसडीवरच्या फाइलमध्ये उतरवली जाते. तुम्ही मधल्या वेळात फाइल बदललीत. कार्ट्रिजला त्याचा पत्ता नाही, त्याने आपल्याकडची जुनी सेव्ह तिच्यावर लिहून टाकली.

म्हणून क्रम असा ठेवा: खेळ संपल्यावर गेममध्ये सेव्ह करा, कन्सोल बंद करा, लगेच पुन्हा चालू करा. सेव्ह लिहिल्याची सूचना जाऊन मेनू पूर्ण दिसू द्या. गेम उघडू नका. आता बंद करा आणि मगच कार्ड काढून नवी फाइल टाका. सूचना पडद्यावर असताना स्विच बंद केला तर फाइल अर्धवट लिहिली जाते, तेव्हा तिथे घाई नको.

एवढं करूनही जुनीच उघडली, तर मेनूतून दुसरा एखादा गेम सुरू करून त्यात एकदा सेव्ह करा आणि मेनूवर परत या. आता एसरॅममध्ये त्या गेमची सेव्ह असेल. मग नवी फाइल पुन्हा टाका, एमराल्डच्या फाइलला धक्का लागणार नाही.

हेक्स_वाचक:
वरचं निदान बरोबर आहे. १६ बाइटांबद्दल थोडं. एमराल्डमध्ये घड्याळ आहे आणि एमजीबीए त्या घड्याळाची माहिती सेव्हच्या शेपटाला जोडतो. काही कार्ट्रिज जादा बाइटांकडे बघतच नाहीत, तरी मी ते काढूनच टाकेन. एचएक्सडीमध्ये (फाइलमधले बाइट दाखवणारा, बदलू देणारा प्रोग्राम) फाइल उघडा, हेक्स पत्ता २०००० गाठा, तिथून शेवटपर्यंत निवडून डिलीट करा. साइझ नेमकी १,३१,०७२ झाली पाहिजे.

फाइल उघडलीच आहे तर आत सेव्ह खरंच आहे का तेही बघा. एमराल्ड सेव्हच्या दोन प्रती आलटून पालटून लिहितो. प्रत्येक प्रत ४,०९६ बाइटांच्या १४ तुकड्यांची असते. पहिली शून्यापासून, दुसरी हेक्स ई००० पासून. पत्ता एफएफ८ वर आणि ईएफएफ८ वर २५ २० ०१ ०८ हे चार बाइट शोधा. दोन्हीकडे सगळं एफएफ असेल तर फाइल कोरी आहे. त्या चार बाइटांच्या लगेच पुढचे चार बाइट म्हणजे सेव्हचा क्रमांक (डावीकडचा बाइट सर्वांत लहान). ज्या प्रतीचा क्रमांक मोठा ती ताजी.

सेव्ह फाइल खराब झाली, आधीची उघडतो आहोत, असा संदेश गेम देतो तो या दोन प्रतींमुळेच. तो दिसला की घाबरून लगेच सेव्ह करू नका. आधी फाइलची कॉपी बाजूला काढा.

सेव्हऐवजी '१एम सब-सर्किट बोर्ड' नाही अशी तक्रार गेम करत असेल तर दुखणं वेगळं: सेव्हचा प्रकार ६४ केबी फ्लॅश निवडला गेलाय. एमराल्डला १२८ केबी लागते.

टाका_लावा:
दोन गोष्टी राहिल्या.

नाव. रॉम (गेमची फाइल) 'एमराल्ड.जीबीए' असेल तर सेव्ह 'एमराल्ड.सॅव्ह' हवी. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवलेलं असलं की नाव बदलताना 'एमराल्ड.सॅव्ह.सॅव्ह' होऊन बसतं आणि कार्ट्रिज नवा गेम सुरू करतं. व्ह्यूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा. ईझेड-फ्लॅश ओमेगा कार्ट्रिजवर सेव्ह 'सेव्हर' फोल्डरमध्ये असतात, एव्हरड्राइव्ह जीबीए एक्स५ कार्ट्रिजवर 'जीबीएसिस'मधल्या 'सेव्ह'मध्ये. एमजीबीएची सेव्ह-स्टेट (एम्युलेटरने स्वतः टिपलेली त्या क्षणाची स्थिती) ही वेगळीच चीज आहे, ती इथे चालत नाही. गेमच्या मेनूतून केलेली सेव्हच लागते.

बॅटरी. मूळ एमराल्ड कार्ट्रिजची बॅटरी संपली तर फक्त घड्याळ थांबतं, सेव्ह फ्लॅश चिपमध्ये शाबूत राहते. तुमच्या प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये उलट आहे: बॅटरी संपली की एसडीवर न उतरलेली सेव्ह गेलीच. कन्सोल काही दिवस बंद ठेवल्यावर शेवटची सेव्ह गायब होऊ लागली, तर आधी बॅटरीचा व्होल्टेज मोजा. ३ व्होल्टच्या नाण्यासारख्या सेलवर २.५ च्या आसपास दिसलं तर बदला. बदलण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे सेव्ह एसडीवर उतरवून घ्या, कारण सेल काढला की एसरॅम रिकामी होते. नवा सेल पत्र्याचे पाय आधीच जोडलेला घ्या. सेलवर थेट डाग (सोल्डर) देऊ नका, उष्णतेने तो खराब होतो.