रोज सगळं घर डिसइन्फेक्ट करायची खरंच गरज आहे का?

ओलं_फडकं:
करोना ओसरून इतकी वर्षं झाली तरी बऱ्याच घरात अजून तेच चाललंय, फरशी रोज जंतुनाशकाने, टेबलावर स्प्रे, दाराच्या कड्यांवर स्प्रे, आणि ज्या फडक्याने हे सगळं पुसतात ते मात्र सिंकच्या कडेला ओलंच पडलेलं, वास मारायला लागेस्तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझं म्हणणं एवढंच की घरात जंतुनाशक लागतं ते ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी, बाकी साबण-पाणी भरपूर झालं. अहो हॉस्पिटलातसुद्धा सगळं एकाच मापाने साफ करत नाहीत. स्पॉल्डिंग नावाच्या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलेल्या तीन पायऱ्या अजून वापरतात: शरीरात खोल शिरणारं हत्यार पूर्ण निर्जंतुक, तोंडा-घशातल्या नाजूक अस्तराला लागणारं असेल तर कडक डिसइन्फेक्शन, आणि नुसतं धड कातडीला लागणारं असेल तर साधी सफाई नाहीतर हलकं जंतुनाशक. फरशी म्हणजे या शेवटच्या पायरीतलंच प्रकरण. आणि पृष्ठभागाला हात लागून करोना होण्याची शक्यता दर स्पर्शामागे १०,००० त १ पेक्षाही कमी, हे अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) एप्रिल २०२१ मध्येच सांगितलंय.

काळजीवाहू:
उदाहरण बरं सोयीचं निवडलंत! करोना मुख्यतः हवेतून पसरतो, मग पृष्ठभागाचा आकडा कमीच येणार. नोरोव्हायरस घ्या की. उलट्या-जुलाबाचा हा विषाणू अगदी मोजक्या कणांनी लागण करतो, कड्यांवर-नळांवर दिवसचे दिवस टिकतो, त्याला चरबीचं आवरण नसल्यामुळे अल्कोहोल सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. घरात किमो चालू असलेलं माणूस असेल तर "ठरावीक वेळ" कधी आली हे तुम्ही कसं ओळखणार? आजारी माणूस बरा झाल्यावरसुद्धा काही दिवस विषाणू बाहेर टाकत असतो, चेहऱ्यावर पाटी नसते.

ओलं_फडकं:
पण मग हेच तर म्हणतोय मी! उलटी झाली तिथे ब्लीच, कच्चं चिकन कापलेला ओटा, आजारी माणसाचा संडास, तिथे कडक पायरी लावा ना. बैठकीच्या फरशीने तुमचं काय घोडं मारलंय? फरशीवरून हात तोंडात जाण्याआधी मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, रांगतं मूल असेल तर गोष्ट वेगळी.

बाटलीवरचं_वाचा:
दोघांचं चालू द्या, मी लॅबवाला, मला वेगळाच राग आहे. नव्वद टक्के लोक (आकडा माझ्या डोक्यातला, मनावर घेऊ नका) स्प्रे मारतात आणि लगेच पुसतात. बाटलीवर लिहिलेलं असतं की पृष्ठभाग इतकी मिनिटं ओला राहिला पाहिजे, ते कोणी वाचत नाही. लगेच पुसलं तर मळ पसरला आणि सुवास आला, बास. दुसरं, आधी साबणाने मळ काढायचा मग ब्लीच, कारण उलटीतला नाहीतर अन्नातला सेंद्रिय मळ क्लोरीनच खाऊन टाकतो. उलटी-जुलाबासाठी १००० ते ५००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तितके भाग) क्लोरीन सांगतात. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर एक भागात ४९ भाग पाणी घातलं की १००० होतं, आणि ते रोज ताजं करायचं, आठवडाभर बाटलीत भरून ठेवलेलं जोर धरत नाही. आणि हात जोडून सांगतो, संडासच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीच ओतू नका, क्लोरीन वायू होतो.

मातीतला_माणूस:
एवढं धुवून काय साधणार, पोरांना जरा घाण लागू दे की, इम्युनिटी वाढते. आम्ही काय मेलो का?

काळजीवाहू:
जे मेले ते इथे टाइप करायला येत नाहीत हो. ती थिअरी १९८९ ची, स्ट्रॅकन नावाच्या ब्रिटिश संशोधकाला मोठी भावंडं असलेल्या मुलांमध्ये 'हे फीवर' (परागकणांची अ‍ॅलर्जी) कमी दिसला त्यावरून आली. त्याचा अर्थ साल्मोनेला (कच्च्या चिकनमध्ये सापडणारा जंतू) चाटावा असा कोणी काढला नव्हता. बागेतली माती निराळी आणि चिकनचं पाणी निराळं.

ओलं_फडकं:
इथे मात्र काळजीवाहूंशी सहमत, अजब दिवस आहे. पण उलट बाजूही बघा, बंद बाथरूममध्ये रोज स्प्रे मारत बसलं की छातीला त्रास होतो, दमा असलेल्यांना तर जास्तच. जंतुनाशक फुकट पडत नाही.

काळजीवाहू:
ठीके, फरशी सोडली. पण नळ, फ्लशचं बटण, कड्या मी रोज करणार, तुम्ही हसा. जागा मोजक्या घेतल्या की कारणं शोधत बसावं लागत नाही, कामाच्या गडबडीत "आज गरज आहे का" हा विचार कोणी करत नाही, सवय असेल तरच होतं. आणि तुमचं ते फडकं? त्याचं काय करता तुम्ही?

बाटलीवरचं_वाचा:
संडासचं वेगळं, ओट्याचं वेगळं, ६० अंशाला धुवा आणि कडकडीत वाळवा. ओलं ठेवायचं असेल तर त्यापेक्षा कागदाने पुसा आणि फेकून द्या.