राइडची बेल: हातपाय सुटे करायचे की एकमेकांत गुंफायचे?

लातूरचा ड्रमर

माझ्याकडे शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला मागच्या आठवड्यात एका अनुभवी वादकांनी सल्ला दिला : "वर्षभर बेलला हात लावू नकोस. आधी हाय-हॅटवर चारही हातपाय स्वतंत्र कर, मग राइडकडे बघ." पोरगं तोंड पाडून आलं. मला हा सल्ला मुळातूनच पटत नाही. का, ते लिहितो. ज्यांना माझं चुकतंय असं वाटेल त्यांनी खुशाल विरोध करा.

ड्रम न वाजवणाऱ्यांसाठी थोडक्यात. किक म्हणजे उजव्या पायाने वाजणारा मोठा ढोल, स्नेअर म्हणजे डाव्या हाताखालचा छोटा खणखणीत ड्रम, आणि हाय-हॅट म्हणजे डाव्या पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, तिच्यावर काडीनेही वाजवतात. राइड म्हणजे सेटमधली मोठी झांज, साधारण २० ते २२ इंचांची, बहुतेकांच्या उजव्या हाताला. तिच्या मधोमध घुमटासारखा उंचवटा असतो, ती बेल. बाकी अंगावर काडीचं टोक वाजवलं की नाद पसरतो. बेलवर काडीचा खांदा, म्हणजे टोकामागचा निमुळता भाग, मारला की टणक, स्वच्छ आवाज निघतो. भजनात मृदंग आणि पेटीच्या गलक्यातून टाळ जसा वेगळा कानावर येतो, तसाच.

आता सगळ्यात पहिला धडा घ्या. "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि" मोजायचं. किक एक आणि तीनवर, स्नेअर दोन आणि चारवर, बेल फक्त "आणि"वर. ऐकायला सोपं. बसून वाजवा, दोन मिनिटांत उजवा पाय उजव्या हातामागे पळायला लागतो. कारण वर्षभर हाय-हॅटवर आपण हेच तर घोटलेलं असतं, की किक पडते तेव्हा उजवा हातही खाली असतो. म्हणजे जी खोड पुढे मोडायची आहे, तीच वर्षभर पक्की करायची. याला मी तयारी कसं म्हणू?

माझी पद्धत तोंडाची आहे. किक "धम्", स्नेअर "तक्", बेल "टिन्". वरचा धडा मग असा होतो : धम् टिन् तक् टिन्, धम् टिन् तक् टिन्. यात तीन अवयव उरतच नाहीत, एकच ओळ उरते. पोराला आधी ती ओळ चालता-बोलता म्हणायला लावतो, मग काड्या देतो. तबल्यात "धा" म्हणजे दोन्ही हात एकदम पडतात. तिथे कुठलाही गुरू लेकराला "दोन्ही हात स्वतंत्र कर" असं सांगत नाही, दोन हातांना मिळून एक अक्षर देतो. मीही तेच करतो. पाय आणि बेल एकत्र आले की "धिन्".

आणि वारीतली पावली आठवा. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा टाळकऱ्यांचे हात एक करत असतात, पाय दुसरं आणि तोंडात अभंग. त्यांना कुणी समन्वयाचे धडे दिले?

यापुढचा धडा बारा मात्रांचा. पश्चिम आफ्रिकेतल्या लोखंडी घंटेवरून क्यूबात गेलेला आणि तिथून ड्रमसेटवर बेलला आलेला हा ठेका (ऽ म्हणजे रिकामी मात्रा) :

टिन् ऽ टिन् ऽ टिन् टिन् ऽ टिन् ऽ टिन् ऽ टिन्

आघात १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. हा मी तबल्यातल्या एकतालाच्या विभागांवर बसवून शिकवतो. दोन-दोन मात्रांचे सहा विभाग पाडले की पहिले तीन आघात विभागाच्या पहिल्या मात्रेवर येतात आणि उरलेले चार दुसऱ्या मात्रेवर. हे लक्षात आलं त्या दिवशी मला झोप लागली नाही. एवढा परका वाटणारा ठेका आपल्या मुलांना तासाभरात तोंडपाठ होतो.

तर माझं म्हणणं असं की हातपाय सुटे करू नका, गुंफा. आणि बेल पहिल्या महिन्यातच द्या.

संभाजीनगरचा शिक्षक

दादा, कळकळ पोचली, पण मी ठाम विरोधात आहे.

राइडवर ताल धरायची चालच कशी आली ते बघा. जुन्या जाझमध्ये किक प्रत्येक मात्रेवर पडायची आणि तालाचा भार पायावर असायचा. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, मिंटन्स प्लेहाऊस या जाझ क्लबमध्ये, ड्रमर केनी क्लार्क यांनी तो भार राइडवर नेला. कशासाठी? पाय आणि डावा हात मोकळे व्हावेत, सोलो वाजवणाऱ्याला मधूनच उत्तर देता यावं, म्हणून. राइडचा जन्मच या मोकळेपणातून आहे. उजवा हात तेच वाजवत राहतो आणि डावा हात दर वेळी नवं बोलतो. तुमच्या ओळीत डावा हात आधीच ठरलेला आहे. गायकाने आयत्या वेळी जागा बदलली तर तुमचा मुलगा काय करणार? नवी ओळ पाठ करून येणार?

हिशेब करून पाहा. एका मात्रेवर चार अवयवांपैकी कोण पडेल याच्या १५ जोडण्या होतात. "धम्, तक्, टिन्, धिन्" झाले चार. उरलेल्या अकरांना अक्षरं देणार का? आणि दिली तरी लयीत ती तोंडातून निघतील का?

मी बेल आणि हाय-हॅटचा पाय कायम ठेवायला लावतो. डाव्या हाताला एकेक ओळ वाचून वाजवायची. ती संपली की त्याच ओळी किकच्या पायाने. कंटाळा येतो, हे खरं आहे. पण सहा महिन्यांनी मुलगा न ठरवलेलं वाजवू शकतो. वर्षभर बेलला हात लावू नको हे मात्र मलाही टोकाचं वाटतं.

नांदेडचा ऑर्केस्ट्रावाला

तुम्ही दोघंबी हातापायाचंच बोलायलाव. आवाजाचं कोण बोलणार?

मी वीस वर्षं लग्नांत, उरसात, गणपतीत वाजवायलोय. मंगल कार्यालयात वर पत्रा असतो. तिथं बेलवर पूर्ण खांदा घालून वाजवलं की गाणाऱ्या बाईला स्वतःचा सूर ऐकू येत नाही. ती मागं वळून बघते, आणि ते बघणं मला अजून आठवतं. नवीन पोरं येतात, बेलचा ठेका एकदम बरोबर असतो, पण पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत तोच जोर. बेल शेवटच्या धृपदाला उघडायची असते. त्याआधी तेच आघात राइडच्या अंगावर, काडीच्या टोकानं.

दुसरं, राइड उंच आणि आडवी तिडवी लावतात. मग खांदा बेलपर्यंत पोचवायला कोपर हवेत जातं आणि तासाभरात दंड भरून येतो. थोडी खाली घ्या, आपल्याकडं कलती ठेवा, मनगट पुरलं पाहिजे. वरचा नट लई आवळू नका, झांज डोलली पाहिजे. आवळून आवळून एक चांगली झांज मी स्वतः भोकापासून चिरवली आहे, तेव्हापासून हे प्रत्येकाला सांगतो.

माझ्या मते बेल नंतर द्या. कारण समन्वयाचं नाही, पोराला हळू वाजवता येत नाही तोवर बेल त्याच्या हातात नको.

परभणीचा पखवाजी

लातूरकर, तुमच्या पढंतीच्या, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याच्या, बाजूने मी उभा आहे. पण एकतालाचा जो दाखला तुम्ही दिलात तो मला खटकला, आणि तो मुलांचं नुकसान करेल असं मला मनापासून वाटतं.

आमच्या पखवाजात चौताल बारा मात्रांचा. तबल्याचा एकतालही बाराचा. विभाग तेच, टाळी १, ५, ९, ११ वर आणि खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता हलवायची जागा, ३ आणि ७ वर, तीही तीच. तरी चौतालाच्या जागी एकताल वाजवला तर धृपद गायकीतला गायक थांबेल. आकडे जुळले म्हणून चाल जुळत नाही. आपल्याच दोन तालांचं हे असेल, तर समुद्रापलीकडच्या ठेक्याचं काय?

त्या घंटेच्या ठेक्याला नाचणाऱ्यांचे पाय चार ठिकाणी पडतात : १, ४, ७, १० वर. म्हणजे तीन-तीन मात्रांची चार पावलं. तुम्ही दोन-दोनांची सहा केलीत. तुमच्या मोजणीत पहिले तीन आघात घरच्यासारखे बसतात, म्हणूनच ते सोपं वाटतं. पुढचे चार मग "आडवे" वाटतात. चार पावलांवर ऐकलं तर घंटा पायाला भेटते फक्त १ आणि १० वर. बाकी सगळा वेळ ती पायांच्या मधून चालते. ठेक्याचा सगळा जीव त्या मधून चालण्यात आहे. तुमच्या मुलाला ठेका पाठ झाला असेल, पण पाय चुकीच्या ठिकाणी रुजला तर तो उपटायला फार त्रास होईल.

जालन्याची शिक्षिका

मी शाळेत संगीत शिकवते. झांज नाही, उपडी वाटी आणि चमचा आहे, डाव्या हाताला वही. तोंडाने म्हणायची पद्धत इथे चालते, हे रोज बघते.

पण सर, वारीचा दाखला मला मान्य नाही. माझे वडील टाळकरी होते. मी तीन-चार वर्षांची असताना त्यांच्या खांद्यावर बसून पावली अंगात भिनली. ते शिक्षण दहा-पंधरा वर्षांचं असतं, कुणी मोजत नाही म्हणून दिसत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला महिन्यात बेल द्यायची असेल तर वारीकडे बोट दाखवून चालणार नाही. त्याला कुणीतरी खांद्यावर बसवलेलं नसतं.

लातूरचा ड्रमर

ताई, मान्य. तो दाखला मी परत घेतो.

पखवाजी महाराज, तुमचं वाचून रात्रीच बसलो. डावा पाय हाय-हॅटवर १, ४, ७, १० ला ठेवला आणि बेल सुरू केली. पहिल्या दहा मिनिटांत माझाच पाय तीनदा दोन-दोनांकडे घसरला. म्हणजे तुम्ही म्हणता ते रुजणं माझ्यात झालेलं आहे. सकाळी मुलाला बोलावून सांगितलं की मी चुकीचं शिकवलं होतं.

पण तोंड मी सोडलेलं नाही. नुसता पाय "ध", नुसती बेल "टिन्", दोन्ही मिळून "धिन्" असं धरलं की ठेका असा येतो :

धिन् ऽ टिन् | ध टिन् टिन् | ध टिन् ऽ | धिन् ऽ टिन्

बघा, पहिला आणि चौथा गट एकच आहे. शिकायचे ते मधले दोन. कागदावरच्या नुसत्या टिंबांत मला हे कधी दिसलं नव्हतं, म्हणताना दिसलं. मिनिटाला ४० टिचक्यांच्या लयीला, एका पावलाला एक टिचकी, वीस मिनिटांत मुलाचा पाय आणि हात एकत्र चालले.

संभाजीनगरकर, तुमच्या १५ जोडण्यांना उत्तर : तबल्यातही एकच बोल वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा निघतो. पंधरा अक्षरं कुणालाच लागत नाहीत. एका ठेक्यात चार-पाच जोडण्या पडतात, तेवढ्यांना नाव पुरतं.

संभाजीनगरचा शिक्षक

मग एक चाचणी घ्या, आणि निकाल जसा असेल तसा इथे लिहा. मुलगा हा ठेका वाजवत असताना त्याला तोंडाने बोल म्हणू देऊ नका. मोठ्याने "एक, दोन, तीन, चार" पावलं मोजायला लावा. मग तुम्ही मध्येच सांगा, "किक फक्त दोनवर." पुढच्या फेरीत, "तीनवर." बेल हलली नाही तर मी तुमची पद्धत माझ्या वर्गात सुरू करेन. बेल हलली, तर तुम्ही एक पीळदार दोरी वळून दिलीत, तिच्यातला एक धागा त्याला वेगळा काढता येत नाही, असं मी समजेन.

लातूरचा ड्रमर

घेतली. मोजणी म्हणत बेल टिकली. "किक दोनवर" हेही दुसऱ्या फेरीत जमलं. "तीनवर" म्हटल्यावर बेल मोडली, चार वेळा, आणि चारही वेळा तिसऱ्या गटातच. मग मी त्याला किक धरून तेवढा गट पुन्हा तोंडाने म्हणायला लावला, "धम् टिन् ऽ", आणि पाचव्या वेळी जमलं. तुमच्या चाचणीत तो नापास झाला. पण पाचव्या वेळी पास झाला तो बोलामुळे.

संभाजीनगरचा शिक्षक

प्रामाणिकपणे लिहिलंत, आभारी आहे. माझा निष्कर्ष वेगळा आहे. प्रत्येक बदलाला नवा बोल लागला, म्हणजे मोकळेपणा अजून आलेला नाही. मी सोमवारपासून सुरुवात तुमच्या ओळीने करतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून बोल बंद करून वाचायला लावतो.

बीडचा नवशिका

मी कुणाकडे शिकत नाही. घरी आवाज चालत नाही म्हणून संध्याकाळी शेतात आखाड्यावर जाऊन तेलाच्या डब्यावर आणि एका जुन्या झांजेवर वाजवतो. वरची ओळ दोन दिवस म्हणतोय. तिसऱ्या गटात "ध टिन्" नंतरची जी रिकामी मात्रा आहे ती मी दर वेळी गिळतो आणि "धिन्"वर लवकर पोचतो. तिथं काय करावं?

परभणीचा पखवाजी

बाळा, खाली दाखवताना आपण टाळी न देता हात बाहेर हलवतो ना, तसंच कर. नवव्या मात्रेला काडी बेलपासून चार बोटं वर नेऊन मुद्दाम हवेत फिरव. अकराव्याला आणि दुसऱ्यालाही तसंच. उद्या संध्याकाळी करून बघ आणि इथे कळव.