कायद्याच्या सभांना लोक येतात, पण मोफत वकिलापर्यंत पोहोचत नाहीत, काय करावे?

वस्ती_कार्यकर्ती (प्रश्न)

नमस्कार. आम्ही काही जण मिळून बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे यांच्यासाठी कायद्याची तोंडओळख करून देणाऱ्या सभा घेतो. सभांना गर्दी होते, लोक प्रश्न विचारतात, पत्रके घरी नेतात; परंतु ज्याच्यावर खरोखर प्रसंग येतो तो माणूस आमच्याकडेही येत नाही आणि मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडेही जात नाही. तो आधी एखाद्या मध्यस्थाला गाठतो, त्याच्या हातात पैसे ठेवतो, आणि मुदत उलटून गेल्यावर कागदांची पिशवी घेऊन आमच्यासमोर बसतो.

कारणे विचारली असता दोन गोष्टी वारंवार ऐकू येतात. सरकारी खर्चाने मिळालेला वकील मन लावून काम करणार नाही, ही एक. आणि एकदा अर्ज केला की कोर्टाच्या तारखा मागे लागतील, ही दुसरी. शिवाय पात्रतेबाबत आमच्याच मनात गोंधळ आहे. पतीला बरा पगार आहे, पण पत्नीच्या हाती काहीच नाही, अशा स्त्रीला मोफत वकील मिळतो का? उत्पन्नाचा दाखला नसलेल्या मजुराने काय करावे? या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पॅनेलवरील_वकील

आपल्या शेवटच्या दोन प्रश्नांपासून सुरुवात करतो, कारण त्यांची उत्तरे कायद्यात स्पष्ट आहेत आणि तरीही ती लोकांपर्यंत पोहोचलेली नाहीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत विधी सेवेस पात्र असलेल्या व्यक्तींची यादी आहे. त्यात स्त्रिया आणि बालके, अनुसूचित जाती व जमातींचे सदस्य, दिव्यांग व्यक्ती, मानवी व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी, औद्योगिक कामगार, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेले लोक आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती येतात. या सर्वांना उत्पन्नाची अट लागू नाही. त्यामुळे पतीचा पगार किती, हा प्रश्नच उद्भवत नाही. ती स्त्री आहे एवढे पुरेसे आहे. उत्पन्नाची मर्यादा आहे ती या गटांत न बसणाऱ्यांसाठी, आणि ती राज्यागणिक वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी ती वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत आहे. दाखला नसलेल्या मजुराबाबत कलम १३ पाहावे. उत्पन्नाविषयी अर्जदाराने केलेले प्रतिज्ञापत्र, त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नसेल तर, पुरेसे मानता येते. तहसील कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालून माणूस थकतो आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ते टाळता येते.

कोर्टाच्या भीतीबद्दल एवढेच की, याच कायद्यात ‘विधी सेवा’ या संज्ञेत खटला चालवण्याइतकाच कोणत्याही कायदेविषयक बाबीवर सल्ला देण्याचाही समावेश आहे. केवळ एखादी नोटीस समजावून घेण्यासाठी कोणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या किंवा तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात गेला, तर त्याच्यावर दावा दाखल करण्याची सक्ती होत नाही. ही दोन्ही कार्यालये सामान्यतः न्यायालयाच्या आवारातच असतात. ज्याला तिथवर जाणे शक्य नाही त्याने १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा.

वकिलाच्या दर्जाविषयीची शंका मात्र मी झटकून टाकणार नाही. पॅनेलवर, म्हणजे प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीत, मन लावून काम करणारे आहेत तसे तारखेला न येणारेही आहेत, आणि लोकांना आलेले वाईट अनुभव खोटे नाहीत. म्हणूनच उपाय माहीत असणे महत्त्वाचे आहे. नेमलेल्या वकिलाने अशिलाकडून फी मागणे किंवा स्वीकारणे नियमबाह्य आहे. प्रकरणे नीट चालतात की नाही हे पाहण्यासाठी प्राधिकरणाची देखरेख समिती असते, आणि वकील टाळाटाळ करत असेल तर तसे लेखी कळवून दुसरा वकील मागता येतो. अर्जच नामंजूर झाला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते. जिल्ह्याच्या पातळीवर हे अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीशांकडे असते, ही गोष्ट सभेत आवर्जून सांगावी. लोकांच्या मनात या व्यवस्थेचे वजन त्याने वाढते.

आणखी एक मुद्दा, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९८६ साली सुक दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा मोफत वकिलाचा हक्क संपत नाही. ज्याला हक्कच ठाऊक नाही तो तो मागणार कसा, हे न्यायालयाने ओळखले, वकिलाविना चाललेला तो खटला सदोष मानला आणि शिक्षा रद्द केली. त्याआधी १९८१ च्या खत्री प्रकरणात, हा हक्क आरोपीला समजावून सांगण्याची जबाबदारी दंडाधिकाऱ्यांवर टाकण्यात आली होती. ज्यांच्या घरातील कोणी अटकेत आहे, त्यांना हे पहिल्याच दिवशी कळायला हवे.

विधी_स्वयंसेवक

वकील साहेबांनी कायदा मांडला आहेच. मी सभांच्या पद्धतीविषयी लिहितो, कारण माझ्या मते अडचणीचे मूळ तेथे आहे.

ताई, आपल्या सभेत ज्ञान एका दिवशी मिळते आणि गरज दुसऱ्याच दिवशी उभी राहते. मधल्या काळात ऐकलेले विसरले जाते, पत्रक हरवते, आणि मध्यस्थ मात्र रोज चौकात भेटतो. म्हणून व्याख्यान कमी करावे आणि ठरावीक वारी, ठरावीक जागी एक टेबल मांडून बसावे. निरोप एकच द्यावा: न समजलेला कोणताही कागद घेऊन या. भाडेकरार, कंत्राटदाराने दिलेली चिठ्ठी, बँकेची नोटीस, समन्स, काहीही चालेल. स्वतःच्या कागदावरून समजलेला कायदा माणूस विसरत नाही, आणि पुढे शेजाऱ्यालाही तोच सांगतो.

कागद हाती आला की प्रथम त्यावरील तारीख शोधावी. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. कनिष्ठ दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध, म्हणजे दाव्यातील अंतिम आदेशाविरुद्ध, जिल्हा न्यायालयात अपील करायचे तर अवघे ३० दिवस मिळतात. विलंब माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. तारखेनंतर घटनाक्रम एका पानावर लिहून घ्यावा, म्हणजे त्या माणसाला प्रत्येक खिडकीवर सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. कौटुंबिक हिंसाचार किंवा छळाच्या प्रकरणांत तर याची फार गरज असते, कारण तेच तेच पुन्हा सांगताना बोलणारी व्यक्ती खचते आणि पुढे येणेच सोडून देते. अशा प्रकरणांत २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने पोलीस आणि पीडितांच्या मदतीसाठी नेमलेले संरक्षण अधिकारी यांच्यावर, पीडितेला मोफत विधी सेवेच्या हक्काची माहिती देण्याचे कर्तव्य सोपवलेले आहे. ते पार पडले का, हे आपण तिला विचारावे.

यानंतरचे काम सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: पहिल्या खेपेला त्या व्यक्तीसोबत प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. कार्यालयाच्या दारातून परतणारी माणसे माहितीच्या अभावी परतत नाहीत. आपल्याला आत कोणी बसवून घेईल, याची त्यांना खात्री नसते. अर्ज भरताना शेजारी कोणी असेल आणि अर्जाची पोच हातात मिळाली, तर दुसऱ्या खेपेला ती एकटी जाते. जवळच्या प्राधिकरणाने नेमलेले विधी स्वयंसेवक हेच काम करतात. त्यांना आपल्या टेबलाशी बोलवा, आणि आपल्यातील कोणाची तयारी असेल तर प्रशिक्षण घेऊन त्यांनीही त्या यादीत यावे.

काही मर्यादा कटाक्षाने पाळाव्यात. मूळ कागद स्वतःकडे ठेवू नयेत, केवळ प्रती घ्याव्यात. निकाल काय लागेल याचे आश्वासन देऊ नये. आणि कोणाची गोष्ट सभेत उदाहरण म्हणून सांगू नये, नाव वगळूनसुद्धा. लहान वस्तीत माणूस लगेच ओळखला जातो.

वस्ती_कार्यकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टेबलाची कल्पना आम्ही नक्की अमलात आणू. एक शंका उरते. लोकअदालतीत तडजोड करा, असे अनेकांना सुचवले जाते. वेळ वाचतो हे खरे, पण दुर्बल पक्षकार दबावाखाली सही करेल, अशी भीती वाटते. याबाबत लोकांना काय सांगावे?

निवृत्त_न्यायालयीन_कर्मचारी

आपली भीती रास्त आहे, म्हणून लोकांना दोन वेगळ्या व्यवस्थांमधील फरक आधी समजावून सांगावा. नेहमीच्या लोकअदालतीत दोन्ही पक्षांची संमती असेल तरच निवाडा होतो. तो झाला की त्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते, भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते, आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उरतो, पण तोही फार मर्यादित कारणांपुरता. थोडक्यात, सही करण्यापूर्वीचा क्षण हाच विचार करण्याचा शेवटचा क्षण असतो.

कायम लोकअदालत ही निराळी संस्था आहे. २००२ च्या दुरुस्तीने ती आली, आणि वाहतूक, टपाल व दूरध्वनी, वीज, पाणीपुरवठा, स्वच्छता, रुग्णालय, विमा अशा सार्वजनिक उपयुक्तता सेवांचे वाद तेथे न्यायालयात जाण्यापूर्वी नेता येतात. तेथेही आधी तडजोडीचा प्रयत्न होतो. तो फसला, तर वाद एखाद्या गुन्ह्याशी संबंधित नसल्यास ती दोन्ही बाजू तपासून, म्हणजे गुणवत्तेवर, स्वतः निर्णय देऊ शकते. वाढीव वीजबिल किंवा नाकारलेला विम्याचा दावा यांसाठी हा मार्ग पुष्कळांना सोयीचा ठरेल, परंतु तडजोड झाली नाही तरी तेथे निर्णय लागू शकतो, हे जाणूनच अर्ज करणाऱ्याने पाऊल टाकावे.

दबावाविषयी सांगायचे तर, आपल्या लोकांना एक गोष्ट पक्की सांगा. तडजोडीचा मजकूर मराठीत मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी करणे हा उद्धटपणा नाही. रक्कम किती, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती न मिळाल्यास काय, ही तीन वाक्ये त्यात दिसली नाहीत तर सही करू नये. तडजोड मान्य नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. कलम २० नुसार न्यायालयातून आलेले प्रकरण निवाडा न झाल्यास त्याच न्यायालयाकडे परत जाते आणि जिथे थांबले होते तेथून पुढे चालते. नकार दिल्यामुळे मोफत वकील काढून घेतला जात नाही.