मदत हवी आहे: वहिनींच्या सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन आहे, चालू ठेवावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. वहिनी स्कूटीवरून बेळगावला नोकरीला जातात. ऊन तापायला लागल्यावर मेडिकलमधून सनस्क्रीन आणलं. आता कपाळ, गाल नि गळ्याचा पुढचा भाग लाल, बारीक पुरळ, खाज. पण क्रीम कानामागं नि हनुवटीखालीही लावलेलं, तिथं काहीच नाही! सुट्टीदिवशी लावून घरातच बसल्या, तरी त्रास नाही.

डबीवर बारीक अक्षरात ‘बेन्झोफेनोन-3’ आहे, म्हणजे ऊन अडवणारं ऑक्सिबेन्झोन हे रसायनच. चेहऱ्यावर पांढरा थर दिसत नाही, उन्हातले त्वचा भाजणारे यूव्हीबी आणि खोल जाणारे यूव्हीए, यातले यूव्हीबी आणि थोडे यूव्हीएही किरण अडवतं, हे फायदे कळले. पण अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथलं औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) 2019 च्या चाचणीत ते रक्तात उतरलेलं आढळलं. युरोपनं 2022 मध्ये चेहऱ्याच्या क्रीमला 6 टक्के आणि अंगभर लावायच्या क्रीमला 2.2 टक्के अशी मर्यादा घातली. अमेरिकेच्या हवाई बेटांवर समुद्रातली प्रवाळं वाचवायला 2021 पासून अशा क्रीमची खुली विक्री बंद आहे; आपल्या मलप्रभेत प्रवाळ नाहीत, तो मुद्दा सोडा. काळजी बाळाची आहे, ते अजून अंगावर पितंय. आई म्हणते, सगळं टाकून दे आणि साय-हळद लाव. सायीनं ऊन कसं अडणार ओ?

प्रतिसाद १: क्रीम आजच थांबवा. लावलेल्या जागेवर ऊन पडलं तरच पुरळ, ही फोटोअ‍ॅलर्जीची (ऊन लागल्यावरच उठणारी अ‍ॅलर्जी) खूण वाटते. ऑक्सिबेन्झोन त्यासाठी बदनामच आहे. त्वचेच्या डॉक्टरांना फोटोपॅच टेस्टबद्दल (त्वचेवर पदार्थ लावून, वर प्रकाश टाकून अ‍ॅलर्जी बघतात) विचारा, जाताना डबी घेऊन जा. रक्तात उतरलं म्हणजे अपाय झाला असं नाही. एफडीएचं म्हणणं इतकंच की आणखी तपासण्या हव्यात. अंगावरच्या दुधातही ते सापडलंय, पण बाळाला त्यानं इजा होते असं सिद्ध झालेलं नाही. तरी पाजतायत तोवर झिंक ऑक्साइडचं घ्या, ते त्वचेतून आत फारसं जात नाही. चेहरा थोडा पांढरट दिसेल, दिसू दे. पुरळ बसेपर्यंत स्कार्फ आणि पूर्ण काचेचं हेल्मेट.

आणि एक विचारा: मान-पाठदुखीला कुठलं जेल लावलं होतं का? केटोप्रोफेन या वेदनाशामक औषधाच्या जेलनं अशी अ‍ॅलर्जी झाली, तर पुढं अनेकदा ऑक्सिबेन्झोनही सोसत नाही.

धागाकर्ता: होय की ओ! बाळंतपणानंतर मान धरली होती, तेव्हा जेल लावत होत्या. ट्यूब कपाटात असणार. नाव बघून लिहितो.