मदत हवी आहे : बस अपघातात ताईचा हात मोडला, ट्रॅव्हल्सवाले चाळीस हजारांवर सही मागतायत

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे नुसताच वाचत असतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. थोडं लांबेल.

माझी मोठी बहीण, वय ३८, राहणार सिडको, नाशिक. साडेचार महिन्यांपूर्वी पुण्याहून खासगी ट्रॅव्हल्सच्या बसने परत येत होती. पहाटे पाचच्या सुमारास मोहदरी घाट उतरताना बस पुढच्या कंटेनरवर मागून आदळली. ताई झोपेत होती. सावरायला हात पुढे गेला तो समोरच्या सीटच्या दांड्यावर, आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. एकूण खर्च एक लाख पंच्याऐंशी हजार. त्यातले एक लाख वीस हजार दाजींच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून मिळाले, बाकीचे घरातून गेले.

ताई घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते, चौदा वर्षं. मशीन अजून चालवते कशीबशी. अडतं कात्रीवर. कात्रीच्या गोलात अंगठा जातो, पण कापड जाड असलं की मूठ मिटतच नाही. अस्तर कापताना हात थरथरतो. पैठणीचं ब्लाउज पीस तर ती हातातच घेत नाही, दुसऱ्याचं कापड बिघडलं तर भरून कुठून द्यायचं म्हणते. सध्या शेजारची एक मुलगी कापून देते, तिला नगामागे पैसे द्यावे लागतात.

आता खरा प्रश्न. ट्रॅव्हल्सच्या मालकाचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. चाळीस हजार रोख देतो म्हणतो, बदल्यात स्टॅम्प पेपरवर सही : 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, यापुढे कोणत्याही न्यायालयात मागणी करणार नाही.' दाजी म्हणतात घेऊन टाक, कोर्टात चपला झिजतील. वर तो माणूस सांगतो, चूक कंटेनरची, त्याने अचानक ब्रेक मारला, तुम्ही त्याच्यावर केस करा. कंटेनर तर थांबलाच नाही, त्याचा नंबर कुणाकडे नाही. गुन्हा बसच्या ड्रायव्हरवर नोंदला आहे.

ताईचं रिटर्न वगैरे काही नाही, मग उत्पन्न दाखवायचं कसं? मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कापतात का? दवाखान्याबाहेर एक जण भेटला होता, 'तीस टक्के माझे, बाकी सगळं मी बघतो' म्हणाला. त्याच्याकडे जावं का? तिकिटाचा फक्त मेसेज आहे मोबाइलवर, चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदाकाठ

सही करू नका. आज तर अजिबात नाही. आणि आधी तारीख मोजा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६ खाली दावा प्राधिकरणाकडे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाकडे, अर्ज करायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तुमच्या हातात दीड महिना आहे आणि त्यातले पंधरा दिवस कागद गोळा करण्यातच जातील. तो माणूस दोनदा का आला, हे आता कळलं असेल.

धागाकर्ता

सहा महिने?? आम्हाला तर एकाने तीन वर्षं सांगितली होती. धन्यवाद, धाबंच दणाणलं.

काळा_कोट

वकिली करतो, नाशिकमध्येच. इथे केस घेणार नाही, तेव्हा निःशंक वाचा.

कंटेनरची गोष्ट डोक्यातून काढा. ताई प्रवासी होती, तिची कसलीच चूक नाही. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर तो तिसरा माणूस दोघांपैकी कोणाहीकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कंटेनरवाल्याचा वाटा किती, हे बसचा मालक आणि विमा कंपनी यांनी नंतर बघावं. शिवाय मागून धडकणाऱ्याने पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं, हे पंचनाम्यात दिसतंच.

अर्जात सामनेवाले तीन : ड्रायव्हर, मालक आणि बसचा विमा असलेली कंपनी. पैसे शेवटी बहुतेक तिसऱ्याकडूनच येतात, म्हणून पॉलिसी महत्त्वाची. बसचा नंबर एफआयआरमध्ये असेलच. परिवहनच्या साइटवर किंवा ॲपवर तो टाकला की विमा कुठला आणि कधीपर्यंतचा ते दिसतं. आजच बघा आणि त्या पानाची प्रिंट काढा.

कलम १६४ चं नाव कोणीतरी काढेल म्हणून आधीच सांगतो. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, गंभीर दुखापतीला सरसकट अडीच लाख. हाड मोडलं की ती गंभीर दुखापतच. पण विमा कंपनीशी कलम १४९ च्या पद्धतीने तडजोड करून ही रक्कम एकदा स्वीकारली, की १६६ चा दावा संपतो. अडीच लाख चांगले वाटतात, तुमच्या ताईच्या बाबतीत ते कमी पडतील असं माझं मत. मालकाच्या स्टॅम्प पेपरने हक्क आपोआप बुडेलच असं नाही, पण उलटतपासणीत तोच कागद ताईच्या हातात देऊन 'ही सही तुमचीच ना?' विचारतील. कशाला ती कटकट?

पाथर्डीफाटा

काही मिळत नाही हो. आमच्या चुलत्यांची केस सहा वर्षं चालली. चाळीस हजार आज खिशात येतायत ते घ्या आणि देवाचं नाव घ्या.

काळा_कोट

@पाथर्डीफाटा, वेळ लागतो हे खरं आहे. पण जरा आकडेमोड करू. हे फक्त उदाहरण, निकाल नव्हे.

समजा प्राधिकरणाने ताईचं उत्पन्न महिना दहा हजार धरलं. वर्षाचे १,२०,००० झाले. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे (सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल, २०१७). झाले १,६८,०००. वय ३६ ते ४० असेल तर गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा, १५ (सर्वोच्च न्यायालयाचाच सरला वर्मा निकाल, २००९). म्हणजे २५,२०,०००. याच्या जितके टक्के कमाईची क्षमता गेली, तितकं भविष्यातलं नुकसान.

डॉक्टरांनी अपंगत्व समजा १२ टक्के लिहिलं. सरळ हिशेबाने ३,०२,४०० होतात. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालाने सांगितलंय की शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एकच नसतात, माणूस काम काय करतो ते बघायचं. मनगट आखडलेला बँकेतला कारकून आणि मनगट आखडलेली शिवणकाम करणारी बाई, यांचं नुकसान सारखं कसं असेल? प्राधिकरणाने कमाईचं नुकसान २५ टक्के धरलं तर हाच आकडा ६,३०,००० होतो. दवाखान्याचा खर्च, काम बंद होतं त्या महिन्यांची मजुरी, वेदना, प्लेट काढायची असेल तर त्या ऑपरेशनचा खर्च, हे सगळं वेगळं. वर अर्जाच्या तारखेपासून व्याज.

म्हणून तुम्ही कात्रीबद्दल जे इथे लिहिलंय ना, तेच तुमच्या केसचं मर्म आहे. वकिलाला पहिल्या भेटीत तेच सांगा. ताईच्या शपथपत्रातही 'हाताला त्रास होतो' असं मोघम नको. मूठ मिटत नाही, जाड कापड कापता येत नाही, कापायला दुसरीला पैसे द्यावे लागतात, असं लिहा. आणि त्या शेजारच्या मुलीला जे देता ते यापुढे ऑनलाइन द्या, म्हणजे नोंद राहील.

धागाकर्ता

सर, हात जोडून आभार. आकडे बघून दाजी गप्प झालेत.

लिंबूसरबत

मेडिक्लेमचं मी सांगते, आमच्या घरात याच मुद्द्यावर अडलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निकाल दिलाय की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही. हप्ता भरून केलेला करार तो, त्याचा फायदा अपघात करणाऱ्याला का? तेव्हा बिलं सगळी लावा, एक लाख पंच्याऐंशी हजारांची. मूळ बिलं मेडिक्लेमला दिली असतील तर तिथून शिक्का मारलेल्या प्रती मागून घ्या. याला आम्हाला तीन आठवडे लागले, म्हणून आजच मेल टाका.

एक्स-रेच्या फिल्म गुंडाळी करून कपाटावर ठेवू नका. आमच्या एकमेकींना चिकटल्या होत्या पावसाळ्यात. आणि फिजिओथेरपीला जाता-येताना रिक्षाचे पैसे देता, त्याची तारीखवार वही घाला. छोटी रक्कम वाटते, वर्षाची बेरीज करून बघा.

उत्पन्नाचं विचारलंत. ताईकडे मापाची वही असेल ना?

धागाकर्ता

आहे की! एक नाही, सात-आठ वह्या आहेत. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, छाती-कंबर-बाही, खाली तारीख, शिलाई किती ठरली, उचल किती दिली. कापडाचा तुकडासुद्धा टाचणीने लावते, रंग चुकू नये म्हणून. हा पुरावा होऊ शकतो असं मनातही आलं नव्हतं.

काळा_कोट

होऊ शकतो म्हणजे? याहून चांगला कुठला आणणार! हिशेब रोजच्या धंद्यात, अपघाताच्या आधीपासून लिहिलेला आहे. अपघातानंतरच्या वहीत पानं किती कमी भरलीत तेही दाखवा. जोडीला दोन-तीन नेहमीची गिऱ्हाइकं साक्षीला आली, अस्तर-धाग्याच्या दुकानाची बिलं आणि गुगल पे, फोन पेच्या नोंदी मिळाल्या तर बरंच झालं. अगदी काहीच नसतं तरी प्राधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, नुसत्या गृहिणीच्या कामालाही मोल धरतात. पण अंदाज नेहमी हात आखडता घेऊन केलेला असतो.

तिकिटाचा मेसेज चालेल. पैसे ऑनलाइन भरले असतील तर बँकेची नोंद काढा. एफआयआरमध्ये किंवा जखमींच्या यादीत नाव असलं की प्रवासी होती यावर वाद उरत नाही. फोन मात्र बदलू नका, मेसेज पुसू नका.

धागाकर्ता

पोलिसांकडून अहवाल प्राधिकरणाकडे जातो असं ऐकलं. मग वेगळा अर्ज कशाला?

काळा_कोट

जातो, आणि प्राधिकरण तो अहवालच अर्ज म्हणून धरू शकतं. पण त्यात कात्री नसते, मापाची वही नसते. स्वतःचा अर्ज कराच. पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, जखमेचा दाखला, बसचं आरसी, परमिट, ड्रायव्हरचं लायसन्स, पॉलिसी यांच्या प्रती मागा.

ताई नाशिकला राहते म्हणून अर्ज नाशिकलाच करता येतो, सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असता तरी चाललं असतं.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका. हाड नीट जुळल्यावर, फिजिओ संपल्यावर टक्केवारी काढलेली बरी. आधी अर्ज, दाखला मागाहून. फक्त दाखला देणारे डॉक्टर साक्षीला येतील ना, हे विचारून ठेवा. दाखला फाइलला लावला आणि डॉक्टर आलेच नाहीत, अशा केसेस मी डोळ्यांनी पडताना पाहिल्या आहेत.

तीस टक्केवाल्याचं : निकालावर टक्का ठरवून फी घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. आणि तो वकील होता की नुसता एजंट, हेही तुम्ही लिहिलेलं नाही.

गोदाकाठ

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, न्यायालयाच्या आवारातच आहे. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आधार कार्ड आणि एफआयआरची प्रत घेऊन जा.

लोकअदालतीत बोलावलं तर जरूर जा, पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वर काढलेला हिशेब खिशात ठेवूनच आकडा बोला.

चिवडा_मिसळ

अवांतर : बस एसटीची असती तर?

काळा_कोट

प्राधिकरण तेच, कलमंही तीच. विमा कंपनीच्या जागी महामंडळच भरपाई देतं. शिवाय २०१६ पासून एसटीच्या तिकिटात अपघात सहायता निधीचा एक रुपया असतो, तेव्हा तिकीट जपून ठेवावं.

आणखी एक अवांतर, बाकीच्यांसाठी. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. दवाखान्यात नेणाऱ्याने दाखल करतानाच विचारावं, डिस्चार्जच्या वेळी नाही.

धागाकर्ता

अपडेट, नऊ दिवसांनी.

विधी सेवा प्राधिकरणात ताईला घेऊन गेलो. वकीलबाई मिळाल्या, वकालतनामा झाला. पॉलिसी अपघाताच्या दिवशी चालू होती, प्रिंट काढली. पोलिसांकडून पंचनामा आणि जखमेचा दाखला मिळाला, लायसन्सची प्रत सोमवारी देतो म्हणालेत. अर्ज पुढच्या आठवड्यात दाखल होईल. मालकाचा माणूस तिसऱ्यांदा आला, या वेळी पंच्याहत्तर हजार म्हणाला. दाजींनीच त्याला चहा पाजून परत पाठवलं.

वकीलबाईंनी ताईला कात्री धरून दाखवायला सांगितली, त्यांच्या टेबलावरची साधी कागद कापायची. कागद कापला. मग बाईंनी स्वतःच्या ओढणीचं टोक पुढे केलं, चार घड्या घालून. ताईने कात्री खाली ठेवली.

एकच घोळ झाला. त्या म्हणाल्या वह्या ठेवून जा, तर ताई ऐकेना. लग्नसराईची मापं आहेत, गिऱ्हाईक आलं तर काय सांगू म्हणते. शेवटी असं ठरलं की आता झेरॉक्स लावायच्या आणि साक्षीच्या दिवशी मूळ वह्या घेऊन यायचं. काल संध्याकाळी झेरॉक्सवाल्याकडे बसून चारशे बारा पानं काढली. प्रत्येक पानावरची टाचणी काढायची, तुकडा बाजूला ठेवायचा, पान काढायचं, तुकडा परत लावायचा. टाचण्या ताईच लावत होती, डाव्या हाताने.