आजीची इरकल विरली, काय करू?

नात: आजीची नऊवारी इरकल. काठ-पदर ठणठणीत, पण बसायच्या जागी सुती अंग पार जाळीदार झालंय. रफू धरत नाही. बोहारणीला तर देणारच नाही!

सुईदोरा: रफू विसरा, दंड घाला. विरलेला मधला तुकडा काढून काठाला काठ जुळवून जोडा. उरेल ती सहावारी, शिवण निऱ्यांत लपते. टीप हातानेच घाला. मशीनची बारीक टीप जुनं सूत कापते.

गोधडीवाली: काढलेला तुकडा गोधडीच्या आत घाला. वर नको, टिकणार नाही.

नात: पटलं. कापू कुठे?

सुईदोरा: उजेडासमोर धरा, विरलेलं दिसतंच. तिथून चांगल्या कापडात चार बोटं आत येऊन कापा, नाहीतर शिवणीशेजारीच पुन्हा फाटेल.